पाठीवरची स्टीलची पाटी

बुडालेल्या माणसांना बाहेर काढणाऱ्यांकडे सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. आम्हालाही वाटायचं. काम झालं की ओले कपडे बदलून आम्ही गाडीत बसतो. परतीच्या वाटेवर कुणी बोलत नाही. पण अच्छाडच्या ढाब्यावर चहा येईपर्यंत कुणाला तरी काहीतरी आठवतंच. असे किस्से साचत गेले. घरी सांगता येत नाहीत, म्हणून एकमेकांनाच परत परत सांगतो.

आम्ही तिघं. मी डहाणूत पाण्याचे पंप दुरुस्त करतो. रमाकांत झाईचा, बोटीवर जाणारा. जयू तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातला. इको गाडी चालवतो, आमचं सगळं सामान तिच्यातच असतं. मालवणला जाऊन तिघंही स्कूबा शिकलो ते मजा म्हणून, पण आता कुठे कुणी बुडालं की फोन आम्हाला येतो.

आधी आमच्याकडे जुनी फुगवायची जाकिटं होती. त्यांत पाय खाली लोंबतात, तळाचा गाळ उडतो आणि स्वतःचा हातही दिसेनासा होतो. मालवणच्या आमच्या मास्तरांनी काम सोडलं तेव्हा स्वतःचा सेट आम्हाला देऊन टाकला. बॅकप्लेट आणि विंग. म्हणजे पाठीवर स्टीलची पाटी, तिच्यातून ओवलेला एकच लांब पट्टा, आणि पाटी नि सिलिंडरच्या मध्ये घोड्याच्या नालासारखी हवेची पिशवी.

"ह्यात माणूस पाण्यात आडवा राहतो," मास्तर म्हणाले. "गाळ उडणार नाही. नीट दिसेल."

*

सेट पहिल्यांदा उघडला तो रमाकांतच्या अंगणात. एकच पट्टा, तो ज्याच्या त्याच्या मापानं ओवावा लागतो. मांड्यांच्या मधून एक पट्टा येतो, त्याला जयूनं लगेच लंगोट नाव ठेवलं. रमाकांतला बांधता बांधता आमची हसून पुरेवाट झाली.

रमाकांतची आई ओट्यावर बोंबील निवडत होती. तिनं सुटी पडलेली पाटी उचलून पाहिली.

"हे एवढं लोखंड बांधून पाण्यात जाणार तू?"

"आई, वजन लागतंच. वर तरंगत राहिलो तर खाली काम कोण करणार?"

म्हातारीनं पाटी खाली ठेवली. "तुझ्या बापाला लोखंड लागलं नव्हतं," म्हणाली आणि पुन्हा बोंबील निवडायला लागली.

रमाकांतचे वडील बोटीवरून गेले ते परत आले नाहीत, हे मला माहीत होतं. जयूला नव्हतं. तो अजून लंगोटावर हसत होता.

*

पहिली ट्रायल कोसबाडला, ओळखीच्या एका चिकूवाडीतल्या शेततळ्यात. पाणी स्वच्छ, खोली बेताची. मी उतरलो. पाटी पाठीला अशी चिकटते की सिलिंडर हलतच नाही. थोडी हवा सोडली, थोडी भरली आणि खरंच आडवा झालो. कितीतरी वेळ तसाच तरंगत पडलो. फार बरं वाटलं.

वर आलो तर तळ्याभोवती माणसंच माणसं. आमची गाडी आता सगळ्यांना ओळखू येते. ती तळ्याशी उभी दिसल्यावर पाड्यात बातमी गेली, कुणीतरी बुडालं. बायका धावत आल्या होत्या. एकजणी आपली पोरं नावानं गोळा करत होती, त्यातला एक सापडत नव्हता, आणि ती काठावर बसून रडायला लागली होती. पोरगा मागं पेरूच्या झाडावर होता.

रमाकांत सगळ्यांना सांगत होता, "अहो, कुणी बुडालं नाही. आम्ही नुसतं शिकतोय."

पोरगा खाली उतरला, आईच्या दोन चापट्या खाल्ल्या. गर्दी पांगली. शेवटी एक आजी राहिली, ती माझ्याजवळ आली.

"बाबा, कुणी मेलं नसलं तर येत जाऊ नका."

त्यानंतर आम्ही वाड्यांमध्ये ट्रायल घेतली नाही.

*

म्हणून पुढची झाईला, समुद्रात. रमाकांत म्हणाला, इथं मला बघून कुणी रडणार नाही.

मास्तरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. वर आल्यावर विंगमध्ये हवा गच्च भरायची नाही. हवा सगळी पाठीमागं असते, ती माणसाला पुढं तोंडावर ढकलते. जरा मागं रेलायचं. रमाकांतनं सवयीप्रमाणं जाकिटासारखी भरली. झाला पालथा. तोंडातली नळी सुटली होती, मान वर काढायचा तर पुन्हा पुढं. हातपाय मारून दमला आणि क्षणभर तसाच पडून राहिला.

बोटीवर त्याचा मेहुणा वल्हं घेऊन उभा होता. मी ओरडलो, "ओढ त्याला, ओढ!" तर हा जागचा हलेना. शेवटी मीच उडी मारून विंगची दोरी ओढली, हवा सोडली, रमाकांतला सरळ केलं. खोकून खोकून त्यानं बोट डोक्यावर घेतली. मेहुण्याला म्हणाला, "अरे, हात का नाही दिलास?"

मेहुणा म्हणाला, "तुम्ही लोक काढता ती माणसं अशीच दिसतात. मला वाटलं, झालं."

*

खरं काम पडलं ते अच्छाडजवळच्या एका बंद खदाणीत. ट्रकचा क्लीनर आंघोळीला उतरला होता. ड्रायव्हर काठावर त्याचा टॉवेल घेऊन बसलेला.

जयू नवा सेट घालून उतरला. तो आमच्यात सगळ्यात चांगला. अशा खदाणीत पूर्वी आम्ही चाचपडत शोधायचो. गाळ उडाला की सगळं हातानंच. या वेळी जयू लवकर वर आला. दोरी बांधून आलोय, म्हणाला. आम्ही क्लीनरला ओढून घेतलं. ड्रायव्हरनं टॉवेल त्याच्या अंगावर पांघरला.

ढाब्यावर चहा आला. मी जयूला विचारलं, "कसा वाटला सेट?"

"चांगला आहे. गाळ अजिबात उडाला नाही."

"मग?"

"जुनं जाकीट बरं होतं," जयू म्हणाला. "चेहरा दिसत नव्हता."

*

त्यानंतर सेट गाडीत पडून राहिला. थंडी सुरू झाल्यावर जयूच्या बाजूच्या पाड्यातला लखमा आम्हाला भेटायला आला. बायको जानीही होती. भात आणि नागली करणारी माणसं. त्यांची पोरगी, सोनी, पावसाळ्यात नदीच्या डोहात गेली होती. पुराच्या पाण्यात आम्ही खूप शोधलं होतं. ती सापडली नाही.

आम्हाला वाटलं, पुन्हा शोधा म्हणतोय. तसं नव्हतं.

"त्या दिवशी ही काठावरनं हाका मारत होती," लखमा म्हणाला. "पाण्याखाली हाक जाते का?"

"जाते," रमाकांत म्हणाला. "नाही," मी म्हणालो. दोघं एकदमच बोललो.

लखमा जयूकडे बघत होता. जयू म्हणाला, "तुम्हीच बघा."

डोहाच्या उथळ कडेला आम्ही पाटी लखमाच्या पाठीवर बांधली. जयूनं त्याच्या मापानं पट्टा पुन्हा ओवला. तोंडानं श्वास घ्यायचा, रोखायचा नाही, घाबरलात तर उभं राहा, असं दोनदा समजावलं. मग जुनं जाकीट घालून स्वतः त्याच्या शेजारी उतरला. लखमा गुडघ्यांवर बसला आणि डोकं पाण्याखाली गेलं. बुडबुडे येत राहिले.

मी जानीला खूण केली. तिनं हाक मारायची असं ठरलं होतं. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पदर तोंडावर दाबून ती तशीच उभी राहिली. तिच्याऐवजी आम्ही कुणी हाक मारणं शक्य नव्हतं. डोहावर नुसते बुडबुड्यांचे आवाज.

लखमा पुष्कळ वेळानं वर आला. जयूनं त्याच्या तोंडातली नळी काढली.

"आली ऐकू," लखमा काठाकडे बघून म्हणाला. "‘सोनी’ अशी हाक मारलीस ना?"

जानीनं पदर खाली केला.

"हो," म्हणाली.