अर्धा पासवर्ड सराईपाशी

मंडळीहो, रातभर मले झोप नाही. माहा भाऊ गजू अमरावतीले फॉर्म भरून द्याचं दुकान चालवते. काल त्याचा फोन आला. एक भला मानूस फोनवर कॉम्प्युटरात सॉफ्टवेअर टाकाले सांगून राहिला, उद्या, म्हंजे आज, टाकतो म्हने. तवापासून त्यालेच फोन लावून राहिली. पन आमचे रशीद सर साठ वर्साचे झाले, सराईच्या गौरवाच्या पुस्तकात लिहाचं कबूल केलं, तं लिहूनच टाकतो.

सराईची ओयख झाली हिवरखेडले, आमच्या बचत गटाच्या खोलीत. सर तेल्हाऱ्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवत. गटाच्या जुन्या कॉम्प्युटरात त्याईनं लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकून देली. गावच्या बायाईचे आधार, पासबुकं, सारं त्यातच. मी आठवी शिकलेली, कडेवर पोरगी. मले म्हनले, "बेटा, काम तू कर. नवीन सॉफ्टवेअर मात्र एकट्यानं कोनी टाकाचं नाही."

पासवर्डाचे दोन भाग केले. अर्धा माहा, अर्धा सराईचा. काही टाकाचं असलं का सर तेल्हाऱ्याहून येत. मी माहा भाग टाकताना सर पोरगीले खांद्यावर घेऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहत. मी म्हनलं, "सर, माहाबी भाग तुमीच ठेवा, चकरा वाचतीन."

"मले सांगू नको. मीबी मानूसच हावो."

गटाच्या अध्यक्षबाई चिडत. "येवढं काय सोनं हाये त्या डब्ब्यात?"

सर हासत. "तुमचाच अंगठा हाये, बाई."

मंग एक दिवस फोन आला. "मॅडम, हेड ऑफिसातून बोलतो. तुमच्या गटाचं खातं बंद होऊन राहिलं. हे सॉफ्टवेअर टाका." मी घाबरली. तो सांगे तसं करत गेली. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागतला.

"टाका ना, मॅडम."

"अर्धाच हाये माह्यापाशी."

"अर्धा? अर्धा कुठी असते काय?"

"बाकीचा सराईपाशी हाये. बलावू काय?"

त्यानं शिवी देली अन् फोन ठेवला. मी रडतच सराईले सांगतलं. रागावले नाहीत. म्हनले, "तुह्या जागी मी असतो तं मीबी टाकला असता. म्हनूनच तं अर्धा हाये." गटातल्या एकाही बाईचा कागद बाहेर गेला नाही. सांगताना आजबी छाती फुगते माही.

गजूच्या दुकानातबी सराईनं असंच करून देलं होतं. प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकाले सराईची वाट पाहा लागली, तं गजूनं ते अर्ध्या पासवर्डाचं बंधन कोनाकडून तरी काढूनच घेतलं. काल मी अडवलं तं म्हने, "तू घाबरट हायेस, मले मानसं ओयखू येतात." आता माहा फोन उचलत नाही.

कालच सराईले सांगतलं. अध्यक्षबाई तिथीच होत्या. "ज्यानं तुमचं ऐकलं नाही, त्याच्यासाठी कायले जाता?"

"त्याच्या मशीनीत लोकाईचे कागद हायेत," सर म्हनले, अन् आज सकायच्या एसटीनं अमरावतीले निघाले.

अशा मानसाले लय आयुष्य लाभो. गुडघे धड राहोत, डोये शाबूत राहोत, अन् एसटीत बसाले जागा भेटो.

छापाच्या आधी हा कागद ज्याच्या हाती पडन त्यानं पयले गजूले फोन करा, नंबर सोबत देला हाये. माहा नंबर पाहून तो फोन कापते, तुमचा उचलन. त्याले म्हना, सर रस्त्यात हायेत, ते पोचत नाहीत तोवर कशालेच हात लावू नको.