कपाटावरची वेबसाईट

निपाणीजवळच्या आमच्या गावात माझ्या वडिलांना, आप्पांना, कचेरीतून एक कन्नड कागद आला होता. आप्पांना कन्नड यायचं ते बाजारापुरतं. वाचता मुळीच येत नव्हतं. शेजाऱ्यानं वाचून दाखवला, त्यात ‘वजा’ हा शब्द आला. आप्पांना वाटलं, आपल्या नावावरचं काहीतरी वजा झालं, बरं झालं. कागदाची घडी करून त्यांनी तो पेटीत ठेवून दिला. पुढं मी बेळगावहून गेले तेव्हा हौसेनं दाखवला. कोर्टाजवळ टायपिंग करून सरकारी कन्नड माझ्या हाताला बसलं होतं. त्या कन्नडात वजा म्हणजे फेटाळला. बांधाच्या भांडणातला त्यांचा अर्ज फेटाळला होता, आणि वर दाद मागायची मुदतही संपली होती.

“मग इतकी वरसं आमी बोलतोय ती कुठली कन्नड गं?” आप्पा म्हणाले. पुढं त्या बांधाकडं ते फारसे फिरकले नाहीत.

तेव्हा मी शब्द लिहायला लागले. नोटिशीत, उताऱ्यात येणारा एकेक कन्नड शब्द, शेजारी साध्या मराठीत अर्थ. टायपिंग करता करता शेकडो जमले. ते फुकटच्या एका ठिकाणी वेबसाईट करून ठेवले आणि खाली माझा फोन नंबर दिला. वर्षभरानं ती फुकटची सेवाच बंद पडली. माझ्याकडं प्रत होती म्हणून शब्द वाचले. विकतची जागा घ्यायची ऐपत नव्हती. टायपिंगचं काम कमी झालेलं आणि आमचे हे रिक्षा चालवायचे.

कॅम्पातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं तोड सुचवली. “ताई, तुमचा जुना लॅपटॉप घरातच चालू ठेवा. त्याच्यातनंच वेबसाईट चालतिया. फक्त बंद पडू देऊ नका.”

त्या ‘फक्त’कडं माझं लक्ष गेलं नाही.

लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या कपाटावर बसला. त्याची बॅटरी कधीच मेलेली. त्यामुळं लाईट गेली की तो बंद आणि लाईट आली तरी बंदच. बटण दाबायचं, पासवर्ड टाकायचा, मग काळ्या पडद्यावर दोन ओळी टाईप करायच्या, तेव्हा वेबसाईट परत उभी राहायची. खासबागेत आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. त्यांचा खडखडाट थांबला की समजायचं, लाईट गेली. लोकांना शांतता झाली की बरं वाटतं. मी मात्र हातातलं पीठ तसंच ठेवून कपाटाकडं बघत बसायची.

हळूहळू मी लांब जाणं सोडलं. लग्नं अक्षता टाकण्यापुरती. खानापूरला सकाळी गेले तर दुपारी परत. फोन मात्र वाढत गेले. बाया जास्त. कचेरीच्या पायरीवरून बोलायच्या, “बाई, तुमचं ते उघडंना की.” ते ऐकलं की मी चोरी केल्यासारखी घाबरायची.

मग निपाणीच्या माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ती एकटीच राहते. “आठ दिस येशील न्हवं?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ह्यांना सगळं कागदावर लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी ह्यांचा फोन आला. “लाईट जाऊन आली. बटन दाबलो. नुसती पांढरी अक्षरं आल्यात.”

“पासवर्ड टाकला का?”

“टाकलो की. घ्येईना.”

अर्धा तास आम्ही झगडलो. तोवर दुसरे फोन सुरू झाले. एक बाई कागद हातात धरून रांगेत उभी होती, शब्द वाचता येत नव्हता, अक्षराचा आकार सांगत होती. “वर गोल हाय, खाली शेपूट.” मी अंगणात जाऊन तिच्याशी बोलत राहिले. आत आले तर आक्का भिंतीला धरून एकटीच न्हाणीकडं निघाली होती.

“हाक मारायची न्हाय व्हय?” मी म्हटलं.

“तीनदा मारली.” ती म्हणाली. “तू जा गं बेळगावला. तुझं ध्यान हितं न्हाय.”

दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगून मी बस धरली. बसमध्ये मला रडू आलं, आणि कपाटावरचा तो डबा खाली आपटावा असंही वाटलं.

घरी येऊन वेबसाईट चालू केली आणि पहिल्याच पानावर लिहिलं, की महिनाअखेर हे बंद होईल. आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ पत्ता शोधत आले. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि दोनशे पानी वही.

“बंद करा की, आमी कोण न्हाय म्हणणार,” ते म्हणाले. “तेवढं समदं लिहून घेतो. गावात धा-बारा घरास्नी लागतंय.”

पुढच्या सोप्यात बसून, माझ्या फोनवर बघून ते लिहायला लागले. एकेक कन्नड अक्षर चित्र काढावं तसं काढत होते. दोनदा चहा झाला, दुपार कलली, तरी ते दुसऱ्याच पानावर होते. बोटं आखडली की मांडीवर चोळायचे आणि परत पेन उचलायचे. मला बघवेना. “राहू दे आण्णा, बंद नाही करत,” मी म्हणून गेले. त्यांनी हात जोडले. त्यांच्यासमोर मी हसले, पण मनातून दार लागल्यासारखं झालं.

ह्यांनी नंतर ओळखीतून एक जुनी इन्व्हर्टरची बॅटरी आणली. ती तासभर टिकते. तेवढ्यात मी बाजारला जाऊन येते, दवाखान्यात जाऊन येते. निपाणी तेवढ्यात होत नाही.

आक्का आता काठी घेऊन चालते. आठवड्याला तिचा फोन येतो. सगळ्यांचं विचारते, लाईट आहे का तेही विचारते. कधी येणार, हे मात्र विचारत नाही.