अनोळखी बाईची कॅरेज

मला मुळातच स्वस्थ बसता येत नाही, आणि त्या हिवाळ्यात लिलावाच्या एका साइटने माझी उरलीसुरली शांतताही घालवली. ऑफिसात, भाजी घेताना, स्कूटर सिग्नलला थांबली की मोबाइल काढायचा आणि बघायचं, बोली वाढली का, विकणाऱ्या बाईचं उत्तर आलं का. लिलावात होती स्वेटर विणायच्या मशीनची कॅरेज. सुयांच्या लांबलचक रांगेवरून डावीकडून उजवीकडे सरकवायचा जड डबा असतो तो. त्याच्याशिवाय मशीन म्हणजे टेबलावर अडवलेली जागा. आमची कॅरेज आईच्या हातून पडून फुटली होती. तिला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा ती मशीनवरच बसलेली होती.

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या कितीतरी शाळकरी मुलांचे स्वेटर एके काळी आमच्या घरातून जायचे. झटक्यानंतर आईचं बोलणं परत आलं, चालणंही आलं, उजवा हात मात्र नीटसा आला नाही. फिजिओथेरपीवाल्याने दाबायला रबराचा चेंडू दिला, तो तिने सोफ्याखाली ढकलून दिला. "मी काय लहान लेकरू आहे का, चेंडू खेळाले?" दिवसभर खिडकीपाशी बसायची, हात पदराखाली झाकून. एकदा मात्र आपणहून म्हणाली, "मशीन चालू असती तर हलवला असता हात." ते एवढं वाक्य धरून मी कामाला लागले.

मशीन बनवणाऱ्या कंपनीने ती बनवणं कधीच सोडलं होतं. फुटकी कॅरेज पिशवीत घालून मी गोहलपुरातली दुरुस्तीची दुकानं पालथी घातली. एकाने ती उलटसुलट करून बघितली. "दीदी, इसका पार्ट अब नहीं आता. कबाड़ी को दे दो." भंगारात द्यायचा सल्ला मी मागितला नव्हता, असं त्याला सुनावून बाहेर पडले.

मग ही साइट सापडली. कॅरेज अगदी आमच्याच मशीनची, पण विकणारी नवी. तिच्याकडून आजवर कोणी काही घेतलेलं नव्हतं, फीडबॅक शून्य. फोटो एकच, चादरीवर ठेवून काढलेला, तोही हललेला. मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर आहे. आलेला माल नापास करायला कारण शोधायचं, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय, की लग्नाची स्थळंही मी तशीच परत पाठवली असं आई म्हणते. तेव्हा फोटो दुसरीकडून उचललेला नाही ना, ते आधी इंटरनेटवर शोधून बघितलं. नाही निघाला. मग तिला लिहिलं: खालच्या बाजूचा फोटो पाठवा, सुयांवर कॅरेज चालवल्याचा व्हिडिओ पाठवा, आणि पैसे साइटवरूनच देईन. तिथे एक बरं असतं, माल हातात पडून आपण 'मिळाला' म्हणेपर्यंत पैसे साइट धरून ठेवते.

मी हिंदीत लिहिलं होतं. उत्तर मराठीत आलं. "ताई, आडनावावरून तुम्ही आपल्यातल्याच वाटता. मी अमरावतीकडची. मशीन सासूबाईंची होती. त्या गेल्या." खाली फोन नंबर. चूक माझी इतकीच, की मी ते आईला वाचून दाखवलं.

जबलपूरच्या मराठी माणसाची एक खोड आहे. बँकेच्या रांगेत कोणी मराठी बोललं, की आम्ही गाव विचारतो, मग आडनाव, मग थेट घरी चहाला बोलावतो. घराबाहेर दिवसभर हिंदी बोलून कान इतके आसुसलेले असतात, की कोणी मराठी बोलला म्हणजे त्याची ओळख पटलीच. एका गोड मराठी बोलणाऱ्या पॉलिसीवाल्याने आमच्या गल्लीतली सगळी मराठी घरं एका दुपारी गुंडाळली होती. तरी आम्ही सुधारलो नाही. संध्याकाळी मी घरी आले तर आईने डाव्या हाताने नंबर दाबून त्या बाईशी गप्पाही मारलेल्या. वर कबूल करून बसली होती, की साइट नको, पैसे सरळ तुम्हालाच पाठवतो, तुमचं कमिशन वाचेल.

माझं डोकंच फिरलं. पैसे बाहेरून पाठवा म्हणणं ही तर फसवणाऱ्यांची पहिली पायरी, आणि इथे तर घेणारीच ती पायरी चढून बसली होती.

"काहून इतकी चौकशी करून राहिली तू? चांगल्या घरची बाई आहे."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच सांगितलं ना."

मी त्या बाईला कोरडं उत्तर धाडलं. पैसे साइटवरूनच, आणि व्हिडिओ नसेल तर बोली लावणार नाही. त्यावर ती गप्प झाली. फोटो नाही, व्हिडिओ नाही. दरम्यान आणखी कोणीतरी बोली लावली. पाहुण्यांना भेडाघाट दाखवायला नेलं होतं, तर दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, नावाडी हिंदीत रंगवून रंगवून सांगतोय, आणि मी नावेत मोबाइल वर धरून रेंज शोधत होते. घरी आई माझ्याशी बोलेना. तिच्या मते मी एका भल्या बाईला चोर ठरवलं होतं. मला भीती दोन्ही बाजूंची होती. फसलो, तर आई तो हात पुन्हा कधी पदराबाहेर काढणार नाही. आणि कॅरेज हातची गेली, तरी तेच होणार.

लिलाव संपत आला तेव्हा व्हिडिओ आला. बांगड्या भरलेले हात, सुयांवरून सरकणारी कॅरेज, खाली उतरत जाणारी निळी वीण. आणि निरोप: "ताई, फीडबॅक तर तुमचाही शून्य आहे. माझा भाऊ म्हणतो, घेणारेही फसवतात, स्वतःचा तुटका पार्ट परत पाठवून पैसे मागतात. साइटवरून घ्या, माझी हरकत नाही. पण आधी तुमची मशीन दाखवा, आणि काकूंना मशीनवर बसलेलं दाखवा. सासूबाईंची वस्तू भंगारात जायला नको."

मला संताप आला. माझी तपासणी? खरं तर तिच्या जागी मी याहून जास्त मागितलं असतं. राग मागण्याचा नव्हताच. तिला आईचा हात बघायचा होता, आणि तो मी कित्येक महिन्यांत नीट बघितला नव्हता. फोटो तपासला, व्हिडिओ तपासला, आणि त्या हाताला कॅरेज ढकलता येईल का, हे विचारायची मला हिंमत झाली नव्हती. आई गावाला गेलीये असं कळवावं, या विचारात होते, तेवढ्यात मागून निरोप वाचून ती म्हणाली, "लाव फोन."

मी व्हिडिओ कॉल लावला. आईने मशीनवरचं कापड काढलं, खुर्चीत बसली. डाव्या हाताने उजवा हात उचलून सुयांच्या पट्टीवर ठेवला. बोटं पट्टीवर पसरेनात. पडद्यावरची बाई माझ्यापेक्षा लहान होती.

"हे असं आहे, बाई," आई म्हणाली. "चालेल का, मलाही माहीत नाही. तुमची कॅरेज आली तर समजेल."

"पाठवते, काकू," ती म्हणाली.

शेवटची बोली आमचीच ठरली. पार्सल आलं ते मी मोबाइलवर रेकॉर्ड करत उघडलं. खाली-वर बघितलं, तडा नाही, गंज नाही. मशीनवर बसवली. तरीही साइटवर 'मिळाला' म्हणायला मी तयार नव्हते. आधी पूर्ण पट्टीवरून चालू दे, मग बघू.

आईने लोकर न घालताच कॅरेजवर उजवा हात ठेवला. मी मदतीला हात पुढे केला, तो तिने झटकला. कॅरेज डावीकडून निघाली, जेमतेम मध्यापर्यंत आली आणि थांबली. तिने पुन्हा जोर लावला. हलली नाही. आत काही अडलंय का, हे बघायला मी वाकले.

"तिचे पैसे तिला देऊन टाक," आई म्हणाली. "कॅरेज चांगली आहे. अडून राहिलं ते माझ्या हातात आहे."

मी साइटवर 'मिळाला'चं बटण दाबलं. तिने डाव्या हाताने कॅरेज ओढून परत टोकाला नेली.

"आता तू जा, चहा ठेव. कोणी बघत असलं की मला जमत नाही."

स्वयंपाकघरात जाऊन मी गॅस न पेटवताच उभी राहिले. सुयांवरून खर्र झालं आणि थांबलं. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खर्र.