पानाबाईचं उन्हाचं पाणी

केनवडहून शिरपूरकडे निघालेले जैन यात्रेकरू आमच्या गावात थांबत ते केशरीचंद किराणावाल्याच्या घरी. उकळून, गाळून, निववलेलं पाणी त्या वाटेवर दुसरीकडे मिळत नसे. ते काम केशरीचंदची बायको पानाबाई करी. लग्न होऊन आली त्याच साली सासूनं मोठी पितळी तपेली तिच्या हवाली केली, आणि पुढची सगळी वर्षं तिची सकाळ चुलीपुढं उजाडली. जळणाला पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं. त्या दमट असल्या की घरभर धूर कोंडे आणि पानाबाई पदरानं डोळे पुसत फुंकत राही. मूलबाळ नव्हतं. दारात आलेला तहानलेला जाऊ नये, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

शहात्तरच्या दिवाळीनंतर तिला सुईत दोरा घालता येईना. माणूस जवळ येईस्तोवर ओळखू येईना. केशरीचंदनं तिला अकोल्याला नेलं. डॉक्टरनं दोन्ही डोळे उघडून पाहिले आणि म्हटलं, “बाई, गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली ठेवायची असेल तर धूर सोडा.”

त्याच दिवशी परतीच्या एस.टी.ला वेळ होता म्हणून दोघं शेतीच्या प्रदर्शनात शिरली. तिथं एका मांडवाबाहेर काचेचं झाकण असलेली काळी पेटी उभी होती. खालच्या नळातून पाणी येत होतं. पानाबाईनं हात धरला आणि झटकन मागं घेतला.

“विस्तव कुठी हाय याचा?” तिनं विचारलं.

तिथल्या माणसानं वर सूर्याकडे बोट केलं.

घरी आल्यावर पानाबाई म्हणाली, “मले तशी पेटी पाह्यजे.” तिनं नवऱ्याजवळ काही मागितल्याची ही पहिलीच वेळ असावी. केशरीचंद भित्रा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यानं नाही म्हटलं नाही.

केनवडला देवमन नावाचा पंप दुरुस्त करणारा मिस्त्री होता. त्यानं पत्रा, नळ्या, काच, आत ऊब धरायला लाकडाचा भुसा असं जमवून पेटी केली. घरावर कवेलूचं कौलारू छप्पर, त्याला ते वजन पेलवणारं नव्हतं. म्हणून मागच्या अंगणात, शेजारच्या रामरावाच्या भिंतीला लागून विटांचे चार खांब बांधले आणि त्यावर पेटी बोल्टांनी आवळली. अंगणात दिवसभर ऊन मिळे ते तेवढ्याच जागेवर. बाकीच्यावर कडुनिंबाची सावली.

तो हिवाळा पानाबाईला सुखाचा गेला. दुपारी नळातून निघणारं कढत पाणी ती चुलीवर ठेवी, आणि चार काड्यांत त्याला उकळी फुटे. डोळ्यांची आग थांबली.

उन्हाळ्याच्या तोंडावर रामरावानं ग्रामपंचायतीत तक्रार केली. काचेची तिरीप बैलांच्या डोळ्यांवर येते आणि नळ्यांचं पाणी भिंतीत मुरतं, असं त्याचं म्हणणं. ग्रामसेवक येऊन खांब पाहून गेला. जमिनीत पाया घेतला म्हणजे बांधकाम, आणि परवानगीशिवायचं बांधकाम पाडावं लागतं, असं त्यानं सांगितलं.

केशरीचंद दुकानात निघून गेला. पानाबाई उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि पंचायतीच्या कचेरीत गेली. तोवर त्या पायऱ्या कुणी बाई चढली नव्हती. सरपंच माणिकराव खुर्चीतून अर्धवट उठले.

“भाऊ, त्यात कोनी राह्यत नाई, कोनी झोपत नाई,” ती म्हणाली. “मंग ते घर कसं झालं?”

“मले कळते बाई. पन गोठ्याले एक कायदा हाय, घराले एक हाय. ह्या पेटीले कोन्ता लावू, मलेच समजून नाई राह्यलं. तालुक्याले लिहितो.”

तालुक्याच्या कचेरीलाही ते समजलं नाही. नकाशा मागितला, तो दिला. शेजाऱ्याची संमती मागितली, ती मिळेना. परवानगी येईस्तोवर पेटी वापरू नये असा हुकूम मात्र लगेच आला. काचेवर गोणपाट पडलं. पानाबाई पुन्हा चुलीपुढं बसली.

पावसाळ्यात एकदा तीच रामरावाकडे गेली. रामराव ओसरीवर दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

“माह्यावर काहून राग धरला, भाऊ?”

“राग नाई, वयनी.” दोराला पीळ देत तो बोलला. “ते भित मातीची हाय. मांगची बी मातीचीच होती.”

पानाबाईला पुढचं सांगावं लागलं नाही. पूर्वी पावसाच्या एका झडीत रामरावाची भिंत बसली होती आणि खाली त्याची रामी सापडली होती, पाच वर्षांची. पोरीच्या केसांतली माती पानाबाईनंच धुतली होती. बैलांच्या डोळ्यांचं ते निमित्त होतं. भिंतीजवळ पाणी वाहताना त्याला झोप येत नव्हती.

“मी हालवते पेटी,” ती म्हणाली आणि घरी आली.

पुढच्या साली तालुक्याहून ओव्हरशीअर आला. टेप लावून भिंतीपासून पाच फुटांवर त्यानं खुंटी ठोकली. तिथं परवानगी मिळाली. देवमननं जुने खांब फोडून नवे उभारले, पेटी चढवली. पण ती जागा निंबाखाली. सूर्य दक्षिणेला कलला की दिवसभर सावलीच. नळाचं पाणी जेमतेम कोमट येई.

पानाबाई देवदर्शनाला शिरपूरला गेली असताना केशरीचंदनं निंबाची एक मोठी फांदी तोडवली. तिला दाखवून खूश करावं, एवढाच त्याचा हेतू. ती परतली तेव्हा फांदी अंगणात पडून होती. फांदीतल्या ढोलीतून खारीची पिल्लं पडून मेली होती. तिला ती दिसली नाहीत. पायाला मऊ लागलं म्हणून तिनं खाली वाकून चाचपलं.

दोन दिवस तिनं अन्न घेतलं नाही. केशरीचंद हात जोडून म्हणाला, “तुह्यासाठीच केलं वं मी.”

“मले माहीत हाय,” ती म्हणाली. “पन आता झाडाले हात लावू नका.”

एका फांदीनं सावली काही हटली नाही. परवानगी होती, पेटी होती, ऊन नव्हतं. काच एका वादळात फुटली, ती कुणी बदलली नाही.

एकोणऐंशीच्या अखेरीस पानाबाईला उजेड आणि अंधार एवढंच कळे. तरी यात्रेकरू येत आणि तपेली चुलीवर चढत. केशरीचंद दुकान उशिरा उघडू लागला. सकाळी तोच पऱ्हाट्या मोडी, चूल पेटवी. त्याला ते कधीच जमलं नाही. धुरानं खोकत, डोळे चोळत तो फुंकत बसे.

“सरका तिकडे,” पानाबाई म्हणे. “तुमचे डोये तरी राहू द्या.”

तो सरकत नसे.