डाव्या हाताला झेपेल अशी शॉटगन

ह्यांचा डावा हात निकामी होत चालला होता आणि आम्ही बंदूक शोधत होतो. आज हे एका वाक्यात सांगता येतं. तेव्हा हे म्हणायचे की दोष बंदुकीचाच आहे, चांगली शॉटगन मिळाली की सगळं सुरळीत होईल. मी तोंडाने त्यांना उडवून लावायची, पण तेच खरं ठरावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

आम्हाला अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये येऊन बरीच वर्षं झाली होती. हे गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. ऑफिसातल्या एका अमेरिकन मित्राने ह्यांना एकदा शूटिंग रेंजवर नेलं काय, आणि पन्नाशीला टेकलेल्या ह्या माणसाला वेड लागलं काय! आमच्या मराठी मंडळातले लोक गोल्फ खेळायचे, फार तर ब्रिज. आमचे हे मल्टिगन खेळणार. म्हणजे पिस्तूल, रायफल आणि शॉटगन, तिन्ही चालवायच्या, घड्याळ लावून, एका जागेवरून दुसऱ्या जागी पळत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना गं. मी म्हटलं, काकू, ते पुठ्ठ्यावर आणि लोखंडी पाट्यांवर मारतात, माझ्यावर नाही.

मला त्यातलं काही कळायचं नाही, पण ऐकून ऐकून पाठ झालं. पिस्तूल किंवा रायफल रिकामी झाली की गोळ्यांनी भरलेलं मॅगझिन खटकन बसवलं, झालं काम. शॉटगनचं तसं नाही. तिच्या पोटाखाली एक फट असते आणि त्या फटीतून एकेक काडतूस अंगठ्याने आत सारावं लागतं, आतली स्प्रिंग ते उलट ढकलत असताना. उजव्या हाताने बंदूक सावरायची, डाव्याने कमरेच्या पट्ट्यावरची काडतुसं मूठभर उचलायची आणि एकामागून एक दाबत जायचं. हे म्हणायचे, नेम सगळ्यांचाच बरा असतो, जिंकतो तो भरणारा. आणि भरण्यात ह्यांचा हात खरंच बसलेला होता. रोज संध्याकाळी बेसमेंटमध्ये दारू नसलेली नकली काडतुसं घेऊन सराव चालायचा. मी वर आमटीला फोडणी घालत असायची आणि खालून ती खटखट ऐकू यायची.

मग काडतुसं पडायला लागली. काडतूस फरशीवर पडून घरंगळत गेलं की आवाज वेगळा येतो, तो मी स्वयंपाकघरातून ओळखायला लागले. इंजिनिअर माणूस, कारण शोधल्याशिवाय थोडाच राहणार! आधी म्हणाले स्प्रिंग कडक आहे, म्हणून ती बदलली. मग म्हणाले फट अरुंद आहे, म्हणून कानस घेऊन ती घासत बसले. मग काडतुसंच भिकार निघाली. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. हे हसले आणि मीही हसले.

उन्हाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याबरोबर स्पर्धेला गेले. हे पळत पळत पुढे आले, पिस्तुलाचं काम चोख केलं, रायफलचंही. शॉटगन रिकामी झाली तेव्हा ह्यांनी पट्ट्याला हात घातला आणि काडतुसं गवतात सांडली. पुन्हा उचलली, पुन्हा सांडली. घड्याळ चालू होतं आणि हे आपल्या हाताकडे बघत उभे राहिले. मागून कोणीतरी धीर द्यायला ओरडलं, त्याने तर मला रडूच फुटलं.  परतताना हायवेवरून घराकडे वळायचा आमचा एक्झिट आला तेव्हा हे म्हणाले की आता नवीन शॉटगन घ्यायलाच हवी.

मग सुरू झालं शॉटगनपुराण. जेवताना तेच, किराणा आणायला जाताना तेच. एका जातीची बंदूक काडतुसातल्याच वायूवर चालते, ती जड, पण खांद्याला धक्का कमी. दुसरी धक्क्याच्याच जोरावर चालते, ती हलकी आणि कमी मळते, पण खांदा सोलून काढते. नळी आखूड घेतली तर वळायला सोपी, लांब घेतली तर नेम ठरतो. मी ऐकत होते, आणि माझं लक्ष स्टिअरिंगवरच्या त्यांच्या डाव्या हाताकडे होतं. खिडकीतून ऊन पडलं होतं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला गुबगुबीत भाग बसला होता, तिथे खळगा दिसत होता. शर्टाचं वरचं बटण आताशा मीच लावून देत होते, आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो.

मुलगी कॉलेजात होती. तिला फोनवर सांगितलं तर ती इंग्रजीत म्हणाली की बाबाला डॉक्टरकडे घेऊन जा, त्यात एवढं काय. मी तिच्यावर खेकसले. डॉक्टरकडे गेलं की नाव कळतं, आणि मला नाव नको होतं. शेवटी आमच्या डॉक्टरांनी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं आणि तिथली तारीख लांबची मिळाली. तोवर शॉटगन बघून घेऊ, हे म्हणाले. एखादी तरी बंदूक ह्यांच्या हाताने नीट भरली गेली, तर हात बरा आहे असं धरून चालायचं. दोघांच्याही मनात हेच होतं.

दुकानदार ओळखीचा होता, धिप्पाड आणि बोलायला मऊ. ह्यांनी पिशवीतून आपली नकली काडतुसं काढली. त्याने आधी जड बंदूक दिली. काडतुसं पडली. मग हलकी दिली. पुन्हा पडली. मग तो आत जाऊन स्वतःची स्पर्धेची बंदूक घेऊन आला. तिची फट मोठी केलेली होती, स्प्रिंग नरम होती. ही लहान मूलसुद्धा भरेल, असं तो बिचारा चांगल्या मनाने म्हणाला. ह्यांचं पहिलं काडतूस आत गेलं, दुसरं फटीत तिरकं अडकलं, बाकीची खाली पडली.

 ह्यांनी बंदूक रिकामी करून माझ्याकडे दिली.

"तू भर."

मी बंदुकीला आयुष्यात हात लावला नव्हता. माहेरी दिवाळीत लवंगीसुद्धा मी लांबून, उदबत्तीने पेटवायची. पण इतकी वर्षं बघितलेलं डोक्यात होतं. बंदूक काखेत धरली, डाव्या हातात काडतुसं घेतली आणि अंगठा टेकवला. एक गेलं. दुसरं गेलं. सगळी गेली, लोण्यात सुरी जावी तशी. दुकानदार खूश होऊन म्हणाला की ही तर नॅचरल आहे, हिचा हात उपजतच बसलेला आहे. मेल्याचं तोंड दाबावंसं वाटलं मला.

"पुन्हा एकदा भर," हे म्हणाले.

दुकानदाराने काडतुसं काढून दिली. मी पुन्हा अंगठा टेकवला आणि दोन काडतुसं बोटांतून सोडून दिली. ती टणटण करत काउंटरखाली गेली. मी म्हटलं, अहो, आहेच मेली जरा कडक. हे काडतुसांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"मुद्दाम पाडू नकोस गं," हे म्हणाले. आवाज अगदी साधा होता, चहात साखर कमी आहे म्हणावं तसा.

मी वाकायला लागले तर मला हाताने थांबवलं आणि स्वतः खाली बसले. सवयीने डावा हात पुढे गेला. काडतूस बोटांखाली फिरत राहिलं, उचललं जाईना. शेवटी उजव्याने उचललं, पिशवीत टाकलं, आणि उठून दुकानदाराला इंग्रजीत सांगितलं की बंदूक उत्तम आहे, तिच्यात काहीच दोष नाही. त्याने विचारलं, मग बांधून देऊ का? हे नको म्हणाले आणि त्याचे आभार मानले.

पार्किंग लॉटमध्ये मला ह्या माणसाचा इतका राग आला की काय सांगू. खोटं बोलायची एवढीशी संधी मी त्याला देत होते, ती घ्यायला काय झालं होतं? माझ्या धडधाकट अंगठ्याचाही राग आला, तो चावून काढावा असं वाटलं. ह्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. सीटचा पट्टा स्वतःच लावला, उजव्या हाताने. तो हात पुढच्या वर्षी गेला.