उलट्या बाजूची बटणं

माझा नट शंभर वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतल्या मूकपटांतला. लहानपणी सर्कशीत घोड्यावर उभा राहायचा. तिथेच पडला आणि उजवा हात खांद्यापासून कायमचा आखडला. तर गडी विनोदी चित्रपटांत शिरला आणि सगळं डाव्या हाताने करून लोकांना हसवू लागला. पुढे बोलपट आले, काम गेलं आणि ज्या स्टुडिओत मोटारीतून यायचा, त्याच्याच फाटकावर पहारेकरी झाला. त्याचे चित्रपट म्हणे गोदामात जळाले. उरले फोटो आणि कात्रणं. एवढ्यावर मी ॲमस्टरडॅममध्ये एम.ए.चा प्रबंध लिहायला घेतला होता. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. माघार घेणं मला जमत नाही.

मार्गदर्शक बाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, "नट हलताना पाहिलाच नाहीस तर लिहिणार काय? शुक्रवारपर्यंत बघ, नाहीतर विषय बदल."

आई व्हिडिओ कॉलवर रोज विचारायची, "सापडला का गं तुझा माणूस?"

गुरुवारी संग्रहालयात, ओळख न पटलेल्या रिळांच्या डिजिटल प्रती बघताना, तो चेहरा दिसला! मधल्या संवादांच्या पाट्या डच, पण चेहरा त्याचाच. आणि त्याने टोपी उडवली... उजव्या हाताने.

"हे आम्हीही पाहिलंय," शेजारी बसलेल्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या. "तो नव्हे."

माझं तोंडच उतरलं. तरी बघत राहिले, आणि नजर त्याच्या कोटावर गेली. आई टेलरकडची काज-बटणं घरी आणायची. शाळेतून आल्यावर निम्मी मीच लावायची. पुरुषांची बटणं त्यांच्या उजव्या अंगाला, हे माझ्या बोटांना पाठ आहे. इथे ती डाव्या अंगाला होती. मागच्या हवालदाराचीसुद्धा! अख्ख्या गल्लीतल्या पुरुषांनी बायकांचे कोट घातलेत की काय?

"मॅम, चित्र उलटं छापलंय!" मी ओरडलेच. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून मॅमच निघतं.

"पाट्या तर सरळ आहेत."

"त्या इथे हॉलंडमध्ये करून नंतर जोडल्यात ना!"

त्यांनी एक कळ दाबली. चित्र आरशातल्यासारखं फिरलं. बटणं जागेवर आली, उजवा हात लाकडासारखा अंगाशी आणि टोपी उडाली डाव्या हाताने! बाईंनी पुन्हा लावलं. पुन्हा. मग म्हणाल्या, "विषय बदलू नकोस."

शहराबाहेर डीमनला माझ्या खोलीवर पोचेपर्यंत दम कुठला? वाटेतच सायकल थांबवून फोन लावला.

"आई, सापडला!"

"अगं बाई! कसा आहे?"

"मजेत. टोपी उडवतोय."