क्वार्टर नंबर चार आणि माझी छाती

सरकारी दवाखान्यात नोकरी असली की किस्से शोधावे लागत नाहीत. नुसता अर्ज करा, प्रत्येक अर्जामागे एक किस्सा फुकट मिळतो! माझ्याकडे तर एकाच विषयावरचे इतके जमलेत की मैत्रिणी भेटल्या तर "कशी आहेस" विचारायच्या आधी "तुझ्या भिंतीचं काय झालं गं?" असं विचारतात.

तर भिंत. मी चंद्रपूर जिल्ह्यात, सावली गावाच्या पुढे, धानपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. गावाचं नाव सांगत नाही, उगाच चौकशी लागायची. दवाखान्यामागे कर्मचाऱ्यांचे चार क्वार्टर आहेत, त्यातला चौथा माझा. ज्या कोणी महात्म्याने तो बांधला, त्याने मागची भिंत थेट बांधीला टेकवली. बांधी म्हणजे आमच्याकडचं बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. जुलै ते ऑक्टोबर बांधीत पाणी, आणि बांधीतलं पाणी माझ्या भिंतीत! स्वयंपाकघरात हिरवी बुरशी, झोपायच्या खोलीत काळी. कपाटातून साडी काढली तर तिच्यावरही ठिपके.

चौथ्या पावसाळ्यात माझी छाती वाजायला लागली. दवाखान्यापासून क्वार्टरपर्यंत पन्नास पावलं, त्यात दोनदा थांबायची वेळ आली. छातीच्या डॉक्टरांनी बजावलं, पुढचा पावसाळा या घरात काढायचा नाही. म्हणजे मला जूनच्या आत क्वार्टर सोडायची परवानगी हवी होती. बस्स, एवढीच मागणी! आता ऐका.

*

हा किस्सा पहिल्या वर्षाचा. सप्टेंबरात वरून मोठे साहेब भेटीला येणार म्हणून घाईघाईत माझ्या बुरशीवरच रंग फासला. आधी खरवडा, वाळू द्या, असं मी ओरडून सांगत होते. रंगारी म्हणाला, "बाई, साहेब परवा येऊन राह्यले. बुरशी वाळेपर्यंत थांबतील का ते?"

साहेब परवा आलेच नाहीत. आले पंधरा दिवसांनी. तोवर बुरशीनं रंगातून डोकं वर काढलं होतं आणि भिंतभर गोल गोल नक्षी उमटली होती. साहेब दारात थबकले.

"अरे वा, टेक्स्चर पेंट! सिस्टर, हौशी दिसता!"

"साहेब, ती बुरशी आहे."

साहेबांनी कौतुकानं पुढे केलेला हात खिशात घातला. जाताना भेटीच्या वहीत लिहून गेले, "कर्मचाऱ्यांनी निवासस्थान आकर्षक ठेवले आहे."

*

आमच्या लॅबचे गेडाम भाऊ क्वार्टर नंबर तीनमध्ये राहतात. माणूस सोन्यासारखा, पण नियमाचा पक्का. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकी तपासायची, हा नियम. नियम चांगलाच आहे, मीच तो गावोगाव सांगत फिरते. पण आमच्या चारही क्वार्टरचा खोकला जुलैत सुरू होतो आणि दिवाळीनंतर थांबतो! त्यामुळे दर पावसाळ्यात आम्ही सगळे डब्या घेऊन गेडाम भाऊंच्या खिडकीत रांगेत.

"निगेटिव्ह! पेढे द्या, सिस्टर!" असं म्हणता म्हणता त्यांनाच खोकल्याची उबळ आली.

"अहो भाऊ, टीबी नाही तर मग खोकला कशाचा?"

"आपल्या फॉर्मात टीबी आहे का नाई, एवढंच विचारते. कशाचा, असा रकानाच नाई त्याच्यात."

पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये संशयित रुग्ण शोधण्यात आमचं केंद्र तालुक्यात पहिलं आलं! गेडाम भाऊंना पुष्पगुच्छ मिळाला. साहेबांनी विचारलं, "एवढे पेशंट शोधायला किती गावं फिरलात?"

गेडाम भाऊ खरं बोलणारे. म्हणाले, "कुठीच नाई, सर. घरीच आहेत!"

टाळ्या वाजल्या. त्यात सर्वात जोरात मी वाजवत होते, कारण बोलायला श्वास पुरत नव्हता.

*

यशोदाबाई म्हणून एक म्हातारी आहे, दम्याची. महिन्यातून दोनदा येते, मी तिला वाफेच्या मशीनचा मास्क लावून देते. गेल्या पावसाळ्यात मास्क लावत होते, तर तिनं माझा हात धरला.

"थांब बाई. कोणाची छाती वाजून राह्यली?"

"तुमचीच, आजी."

"माही नाई. माही छाती मले माहीत आहे. हे तुही वाजून राह्यली!"

आणि मास्क काढून माझ्यापुढे धरला. "घे, तू घे आधी. मंग मी घेतो. पाळीपाळीनं घेऊ."

मी म्हटलं, "आजी, एकाचा मास्क दुसऱ्याला चालत नाही."

म्हातारी चिडली. "काऊन नाई चालत? बिडी तं चालते!"

बाहेरचे सगळे पेशंट हसले. मीही हसले. मग आत औषधांच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं स्टुलावर बसून राहिले. खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. ज्यांना श्वास द्यायचा तेच माझा श्वास मोजायला लागले होते.

*

मग नवऱ्याने मला धरून चंद्रपूरला नेलं. नवरा बल्लारपूरला राहतो, कोळशाच्या खाणीत नोकरीला आहे, शनिवारी येतो. चंद्रपूरला छातीच्या डॉक्टरांकडे एक नळी असते, तीत जोरात फुंकायचं. चाचणी घेणारी मुलगी कबड्डीच्या मॅचसारखी ओरडत होती, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" रांगेतले लोकही ओरडायला लागले. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा माझी हवा अर्ध्यातच संपली.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"कोळसा खाणीत आहे, साहेब."

"हां, मग बरोबर!" आणि लिहायलाच लागले!

"अहो डॉक्टर, खाणीत ते जातात! छाती माझी आहे!"

नवऱ्याचा दरवर्षी एक्स-रे निघतो, एकदम साफ. खाणीत उतरणारा ठणठणीत आणि दवाखान्यात राहणारी धापा टाकतेय! डॉक्टरांनी मग एकेक विचारलं. चूल? नाही. बिडी? नाही. कबुतरं? नाही. शेवटी म्हणाले, "घरात ओल आहे का?"

मी जी सुरू झाले ती थांबेचना. बांधी, बुरशी, टेक्स्चर, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवला.

"तुम्ही स्वतः नर्स आहात, आणि त्या घरात चार वर्षं राहिलात?"

लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. ते म्हणाले, "बुरशीनं श्वासनळ्यांना सूज आलीय. आत्ता निघालात तर औषधांनी छाती सावरेल. आणखी एक पावसाळा तिथे काढलात, तर मी शब्द देत नाही." तसं लिहूनही दिलं.

परतताना बसमध्ये नवऱ्याने डॉक्टरांचा कागद पुन्हा एकदा वाचून काढला. मग हळूच म्हणाला, "आमच्या खाणीत येतेस का राहाले? तिथी हवा बरी आहे."

*

आता नियम असा की नर्सने नोकरीच्या गावातच राहायचं, आणि क्वार्टर असेल तर क्वार्टरमध्येच. बाहेर राहायचं तर क्वार्टर राहण्यास अयोग्य आहे असं ठरायला हवं. मी डॉक्टरांचा कागद घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाबूंनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"बाई, हे तं तुमच्या छातीचं सर्टिफिकेट आहे. मले भिंतीचं पाह्यजे."

"भिंतीला कोणत्या डॉक्टरकडे नेऊ?"

मी टोमणा मारला होता. बाबूंनी मनापासून उत्तर दिलं, "इंजिनिअरकडे. पण ते इथी येत नाईत, तुम्हालेच अर्ज करा लागते. तोपर्यंत पंखा चालू ठेवत जा."

*

अर्ज फेब्रुवारीत केला. इंजिनिअर आले मे महिन्यात! आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. बांधीला भेगा पडलेल्या, कुत्री नळाखाली झोपलेली. भिंत कोरडी ठणठणीत. त्यातून मार्चमध्ये कुणीतरी तत्परतेनं तिला चुना मारून गेलेलं.

"कुठी आहे ओल?" इंजिनिअरनी विचारलं.

"जुलैत या, दाखवते."

"जुलैत नाल्यावरून पाणी जाते, बाई. गाडी येत नाई इकडे."

"म्हणजे पाणी असतं, हे मान्य आहे ना तुम्हाला?"

"नाल्यावर आहे. भिंतीवर नाई."

मग खुर्चीत बसून दोन ग्लास पाणी प्याले आणि म्हणाले, "पण घर मस्त थंड आहे जी तुमचं! कूलरची गरजच नाई!"

अहवाल आठ दिवसांनी आला. "ओल आढळून आली नाही. कर्मचारी प्रत्यक्ष राहत असल्याने निवासस्थान राहण्यायोग्य आहे." मी तो तीनदा वाचला. म्हणजे मी मेले असते तरच घर अयोग्य ठरलं असतं! डोकं इतकं फिरलं की त्या दिवशी जेवलेच नाही.

*

आता शेवटचा. त्याच मे महिन्याच्या अखेरीला गावच्या सोसायटीत उन्हाळी धानाची खरेदी सुरू होती. गोदाम भरलं, पोती अंगणात आली आणि पाऊस तोंडावर. सोसायटीनं गावात छप्पर शोधायला सुरुवात केली. तेव्हा ऑफिसातल्या बाबूंना एकदम सुचलं, "सिस्टरले क्वार्टर नकोच आहे ना! धानाले देऊन टाका!"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! धान आत आलं की मला बाहेर पडावंच लागणार होतं. आता फक्त सोसायटीचे ग्रेडर गुरनुले भाऊ येऊन घर पसंत करणार होते. धानाला ओल किती, हे पाहून माल घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवणारा हा माणूस. चार वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ओल दाखवत होते, त्या दिवशी तीच ओल लपवायला बसले! सगळी फरशी पुसून घेतली, दोन्ही खोल्यांत उदबत्त्या लावल्या, मागच्या भिंतीवर चुन्यातून उमटलेल्या डागावर कॅलेंडर टांगलं. वर चहाला आलं टाकलं.

गुरनुले भाऊ आले. चहाकडे पाहिलंच नाही. दारात उभं राहून एकदा नाक वर केलं, सरळ कॅलेंडरपाशी गेले, ते उचललं, भिंत नखानं खरवडली आणि नख नाकापाशी नेलं.

"नाई जमत, सिस्टर. धान चार दिवसात काळं पडते इथी."

"अहो, कोरडी आहे भिंत! इंजिनिअरनी लिहून दिलंय!"

"इंजिनिअरनं डोळ्यानं पाह्यली असंल. धानवाला नाकानं पाह्यते."

"अहो भाऊ, मी राहते ना इथं चार वर्षांपासून!"

गुरनुले भाऊ ओशाळले. "तुमची गोष्ट अलग आहे, बाई. धानाची जिम्मेदारी माह्यावर आहे. एक पोतं सडलं तरी वरून विचारतात."

माझा चेहरा पाहून बहुधा त्यांनाच वाईट वाटलं. मी मागितलं तसं त्यांनी सोसायटीच्या कागदावर लिहून दिलं, "भिंतीत ओल असल्याने इमारत धान ठेवण्यास अयोग्य." वर शिक्का! चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कागदावर भिंतीची ओल लिहिली होती. मी तो कागद त्याच दुपारी स्वतः नेऊन ऑफिसात दिला. आता सुटले, असं नवऱ्याला फोन करून सांगितलंसुद्धा.

उत्तर सहा दिवसांत आलं. एवढं लवकर ऑफिसातून कधीच काही आलं नव्हतं. "सदर इमारत धान साठवणुकीस अयोग्य असल्याने ती सोसायटीस देऊ नये. तिचा वापर केवळ कर्मचाऱ्याच्या निवासासाठीच करावा."

जूनचा पहिला आठवडा होता. वैनगंगेच्या बाजूनं आभाळ भरून येत होतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि रडले, काय लपवायचं! गुरनुले भाऊ बीपी तपासायला आले होते. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, दोनदा वाचला आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"आमच्या गोदामाले लागून वॉचमनची खोली आहे, दहा बाय दहाची. वॉचमन गावातलाच आहे, राह्यत नाई तिथी. उद्याच सामान हलवा."

"आणि परवानगी?"

"ते मंग पाहू. पाणी का परवानगी मांगून येऊन राह्यलं?"

मी डोळे पुसले. चार वर्षांचा अनुभव गप्प बसू देईना, म्हणून विचारलं, "पण भाऊ, खोली कोरडी आहे ना?"

गुरनुले भाऊंना ते लागलं.

"गोदामाची खोली आहे, सिस्टर! तिथी धान टिकते, तं तुम्हीबी टिकाल!"